पान बेचाळीस

४ डिसेंबर १९९५
माझं गाईड छापून आलं! दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवसांत हाणलं. परत वाचायला मी काय प्रूफरीडर आहे? आता मराठीचं विभागप्रमुखपद कोणाच्या बापाला अडवता येणार नाही.
संकल्प : देवळाली प्रवरा कॉलेजातल्या माझ्या पोरांकडून गाईड पाठ करून घेणे. नाहीतर बडवणे.

११ डिसेंबर
पंकजला पान बेचाळीस येईना. डस्टर फेकला. भुवई फुटली. रक्त बघून मागचे बाकही घोकायला लागले.

९ जानेवारी १९९६
लाकडी पट्टी मोडली (पंकजच्याच हातावर). हल्ली पट्ट्या निकृष्ट येतात. पण अख्खा वर्ग एका सुरात पान बेचाळीस म्हणाला! शब्दांकडे लक्ष नव्हतं, नुसत्या सुरानंच डोळे भरून आले.

२ मे, पुणे, दुपार
विद्यापीठात पेपरतपासणी. नंबर झाकलेले. उकाडा. एकोणसाठ पेपरांत एकच उत्तर, शब्दन् शब्द! 'ग्रामीण कथा म्हणजे मातीची आई आणि आईची माती.' कुठल्या गाढवानं लिहून दिलं हे? भर चौकात तुडवला पाहिजे त्याला. सगळ्यांना अख्ख्या पेपरात भोपळा. शेजारचे परीक्षक म्हणाले, पाठांतर असेल हो. त्यांनाही हाणणार होतो, पण चहा आला.

१७ जून
निकाल. माझी अख्खी बॅच मराठीत नापास! हे काम प्रा. श्रीमंत यांचं. त्यांनाही विभागप्रमुख व्हायचंय. परीक्षक फितवला असणार. उद्या श्रीमंतचं थोबाड फोडणार. ठरलं.

१८ जून
श्रीमंत भेटले. रोज दंडबैठका काढतात म्हणे. क्षमा केली.

१९ जून, डाव्या हाताने
एसटी स्टँडवर पंकजचे वडील रंभाजी आले. हातात ऊस. वाटलं, गुरुदक्षिणा. पाठीतच घातला! मोडला, तर पंकजनं दुसरा दिला. तो हातावर बसला. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. रंभाजी ओरडत होते, "रगात निघंस्तोवर मारून ह्येच पाठ करून घेतलं न्हवं? पोरानं त्येच लिवलं! वरीस गेलं त्येचं!" गाईड तोंडावर फेकून गेले.

२० जून
प्राचार्यांचा निरोप : श्रीमंत विभागप्रमुख.
पान बेचाळीस उघडलं. मातीची आई. आईची माती. तीनदा वाचलं. पंकजच्या भुवईवरचा व्रण काल जवळून दिसला होता. फार लाज वाटली.
मग मन घट्ट करून परीक्षक म्हणून चौथ्यांदा वाचलं.
शून्यच बरोबर आहे.