फेरेटच्या वाटीतलं दूध

आबा,

महिन्यापूर्वी घरात एक जनावर पाहुणं आलं होतं आणि तुमच्या लेकीच्या हातून ते जवळजवळ गेलंच होतं. जनावराच्या बाबतीत काही चुकलं की अजूनही पहिल्यांदा तुमचाच आवाज कानात येतो, म्हणून हे तुम्हालाच सांगायला बसले. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, आता मीच साठीच्या उंबऱ्यावर आहे, तरी तो आवाज काही म्हातारा झालेला नाही.

फेरेट म्हणतात त्याला. तुम्ही कधी पाहिलेलं नाही, मीही नव्हतं पाहिलं. मुंगसाच्या वळणाचं लांबट अंग, रंग सायीसारखा, डोळ्यांवर मात्र काळी पट्टी. दिवसाचा बराचसा वेळ झोपतं आणि उठलं की पाठ वाकडी करून घरभर उड्या मारत सुटतं, सोफ्याखाली मोजे चोरून नेऊन ठेवतं. तुमच्या नातवानं पुण्यात ते पाळलंय. कंपनीनं त्याला तीन आठवडे परदेशी पाठवलं, तेव्हा पिंजरा, खाण्याची पिशवी आणि एक लिहिलेला कागद माझ्या हवाली करून तो गेला. शेजारच्या वहिनींनी दारातूनच बघितलं आणि ओरडल्या, "अगं बाई, मुंगूस पाळलंय व्हय? फॉरेस्टवालं येतील की दारात!" त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला. मग मी कागद वाचला. किती वेळा खायला द्यायचं, रबराची वस्तू जवळ ठेवायची नाही, असं बरंच काही होतं, आणि शेवटी होतं, "दूध अजिबात नाही." खाली दोन रेघा. आता आबा, हे वाक्य कुणाला लिहून द्यावं, याला काही मर्यादा असते की नाही? ज्या घराची तीन पिढ्यांची चूल दुधावर पेटली, त्या घरच्या बाईला! मी तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि मनातल्या मनात म्हटलं, ह्याला काय कळतंय.

तुमचा धारोष्ण दुधाचा कट्टा मला आज जसाच्या तसा दिसतो. दिवस मावळतीला लागलाय, धुऊन पुसून आणलेल्या चार म्हशी पेठेच्या कोपऱ्यावर ओळीनं उभ्या आहेत, गिऱ्हाइकं ताज्या दुधाची वाट बघत गप्पा हाणताहेत आणि तुम्ही उकिडवे बसून गुडघ्यांत चरवी धरली आहे. धार सुरू होते, फेस वर येतो आणि पहिला ग्लास माझा. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्यांची मी म्हशीशेजारी उभी राहून तो कोमट ग्लास एका दमात रिकामा करते, आणि तुम्ही चौकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "बघा, आमची पोरगी! ह्यात पाण्याचा थेंब न्हाय. घरचंच पोर पितंया की!" लोक हसायचे. ओठांवरचा फेस मी मुद्दाम उशिरा पुसायचे. त्या पेठेत माझ्याएवढा मान कुठल्याच पोरीला नव्हता.

पण घरी पोचेपर्यंत पोटात गुरगुर सुरू व्हायची. मुरडा असा यायचा की मी गोठ्याच्या भिंतीला धरून उभी राहायचे, मग परसात पळायचे. आईला वाटायचं, चिंचा खाल्ल्या असतील. दूध आणि तो मुरडा यांचा संबंध मला कळला नव्हता असं नाही, पण सांगणार कुणाला? एकदा एक बाई कट्ट्यावर तक्रार घेऊन आल्या, की तुमच्या दुधानं आमच्या धाकट्याला जुलाब झाले. तुम्ही धार न थांबवता म्हणालात, "बाई, दूध कुणाला बाधत न्हाय. पोराचं पोट तपासा. ही आमची रोज पितीया, काय झालंया हिला?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही झालं नाही अशी मान हलवली. त्यानंतर सांगायचा प्रश्नच उरला नाही.

तर ते फेरेट. नवी जागा, नवे वास, त्यामुळं पहिले दोन दिवस ते नीट खाईना. पाहुणं उपाशी आणि फ्रिजमध्ये म्हशीचं दूध, हे मला बघवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीत थोडं कोमट करून पुढं ठेवलं. ते आधी हुंगलं, मग जे चाटत सुटलं ते वाटी पालथी घालूनच थांबलं. मिशा पांढऱ्या झालेल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! संध्याकाळी परत दिलं, दुसऱ्या दिवशी दोनदा दिलं. मुलाचा फोन आला तेव्हा सांगितलं, मजेत आहे, छान खातंय. काय खातंय ते सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्याची लेंडी पातळ दिसली, तरी मी वाटी चालूच ठेवली. सहाव्या दिवशी नुसतं पाणी, हिरवट, शेंबडासारखं. तुमची सवय मलाही लागलेली आहे. तुम्ही सकाळी देवाच्या आधी शेण बघायचात. "त्वांड खोटं बोलंल, शेण न्हाय," असं म्हणत काडीनं उलटसुलट करायचात, आणि आम्ही पोरं नाकाला हात लावून पळायचो. मीही कागदावर घेऊन बघितलं आणि लगेच तुमचं औषध आठवलं. म्हशीचं पोट बिघडलं की पेंड बंद, हिरवं बंद, एक दिवस लंघन, म्हणजे नुसता कडबा आणि पाणी. दुसऱ्या दिवशी म्हैस रवंथ करत उभी. कपाळावर चांद असलेली आपली म्हैस तुम्ही अशीच दोनदा बरी केलेली मी पाहिली होती. मी दूध थांबवलं, तिथवर ठीक होतं. पण त्याचं खाणंही उचलून ठेवलं आणि पाण्याची वाटी तेवढी राहू दिली. पोटाला विश्रांती, असं स्वतःलाच सांगत कपडे धुवायला गेले.

दुपारी बाराच्या सुमारास येऊन बघते तर ते पिंजऱ्यात चपटं पडलेलं. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले. उचलून खाली ठेवलं तर मागचे पाय धरेनात, लटपटत एका अंगाला कलंडलं. तोंडातून लाळ येत होती आणि पुढच्या पंज्यानं ते तोंड खाजवल्यासारखं करत होतं. मी त्याला पदरात घेतलं तेव्हा बारीक आवाज ऐकू आला, कर्र कर्र, दातावर दात घासल्याचा. आबा, तो आवाज मी ओळखत होते. गोठ्यात मला शेजारी बसवून तुम्ही म्हणाला होतात, "म्हैस दात खाया लागली की समजायचं, पोटात कळ हाय. मग आपली अक्कल चालवायची न्हाय, डॉक्टरकडं पळायचं." मी टोपलीत टॉवेल टाकला, त्यात त्याला ठेवलं आणि रिक्षा केली. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मावशी, काय हाय ह्ये?" मी म्हटलं, "माझ्या लेकाचं लेकरू हाय, हाण लवकर." त्यानं सगळ्या बोळांतून अशी रिक्षा काढली की बस्स.

कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या लेकापेक्षाही लहान. "ह्या प्राण्याच्या दोनच केसेस मी पाहिल्यात, गरज पडली तर माझ्या मॅडमना फोन लावेन," हे तिनं आधीच सांगून टाकलं, आणि तिथंच मला तिचा विश्वास वाटला. तिनं हिरड्या बघितल्या, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय काय खाल्लंय?" आणि आबा, मी काय केलं ठाऊक आहे? मी म्हणाले, "मुलानं लिहून दिलंय तेच." साठीच्या बाईला पोरीएवढ्या डॉक्टरणीपुढं खरं बोलायची लाज वाटली. ती विचारात पडली. म्हणाली, "ही जात रबर, फोम असलं काहीबाही गिळते. आतड्यात अडकलं असेल तर एक्स-रे काढावा लागेल, आणि तसंच निघालं तर पोट उघडावं लागेल. एवढ्या अशक्त जिवाला भूल सोसेल का, सांगता येत नाही." ती नर्सला हाक मारायला वळली आणि मी तिचा हातच धरला. "पोट फाडू नका. मी दूध पाजलंय त्याला. तीन दिवस. आन आज सकाळपासनं उपाशी ठेवलंय."

ती रागावली नाही. भराभर कामाला लागली. आधी हिरडीवर बोटानं मध चोळला, मग रक्तातली साखर तपासली आणि कातडीखाली सलाइन दिलं. हात चालू असताना बोलत होती. ह्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून ह्याला उपास झेपत नाही, साखर उतरते आणि जीव जातो. आणि दूध मोठेपणी पचतच नाही, कितीही आवडो. "लंघन कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी. म्हशीला तेच करायचे." "डॉक्टर होते?" "गवळी होते." ती पहिल्यांदा हसली. "म्हशीला बरोबरच आहे की. पण मावशी, ही काय म्हैस आहे?" तेवढ्यात टॉवेलमधून त्यानं डोकं वर काढलं आणि तिचं मधाचं बोट चाटलं, आणि मी तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

पुढचे आठ दिवस दर तीन तासांनी उकडलेल्या कोंबडीची पातळ पेज करून सुई नसलेल्या सिरिंजनं थेंब थेंब भरवली. मीठ नाही, मसाला नाही, भात नाही, नुसतं मटण-कोंबडीच ह्यांना चालते म्हणे. वहिनी म्हणाल्या, "मग आपल्या कोल्हापूरचंच म्हणायचं की गं!" लेंडी डांबरासारखी काळी दिसली, किंवा उलटी होऊन लेंडी थांबली, तर तासभरही थांबू नका, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं, म्हणून रोज सकाळी मी चष्मा लावून कागद उन्हात धरायचे. पाचव्या दिवशी छान घट्ट, तपकिरी लेंडी दिसली तेव्हा देवापुढं साखर ठेवली. तुम्ही असता तर तुम्हालाच दाखवायला आणली असती.

निघताना डॉक्टरीण आणखी एक सहज बोलली होती. "आवडतं म्हणून देऊ नका. आवडणं वेगळं, पचणं वेगळं. ते सांगू शकत नाही, आपणच ओळखायचं." ते वाक्य घेऊन मी सिरिंज धरून बसायचे, आणि माझा ग्लास बंद झाला तो दिवस आठवायचा. मी दहा वर्षांची होते. तुम्ही धार काढलीत, माझा हात पुढं आला, आणि तुम्ही तो ग्लास माझ्या धाकट्या भावाला दिलात. म्हणालात, "उद्यापासनं हा पील. तू नगं." सगळ्यांसमोर. मी ग्लास विसळायला लागले. आई मला त्या दिवसापासून वाटीभर ताक देऊ लागली, भाकरीबरोबर, ते कधी बाधलं नाही. पण मी तो अपमान विसरले नाही. पोरगी म्हणून माझं दूध तोडलं, हे मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं, लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं, तुमच्या तेराव्याला सुद्धा बहिणीजवळ बोलले.

मग आठवलं, की त्याच्या दोन-तीन दिवस आधी तुम्ही परसात आला होता. मी भिंतीला धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडं नीट बघितलंत, आधी डोळे, मग ओठ, मग माझा कान दोन बोटांत धरलात. मी डोळे मिटून घेतले, आता पिळणार म्हणून. तुम्ही पिळला नाहीत. नुसता धरून ठेवलात. म्हशीचा कान गार लागला की तिचं काहीतरी बिनसलंय, हे तुम्हीच शिकवलं होतंत मला, आणि ते माझ्या कानाला जोडायला मला पन्नास वर्षं लागली. चौकात म्हणायचं, की माझं दूध माझ्याच पोरीला पचत नाही, हे तुम्हाला जमलं नसतं. तो तुमचा धंदा होता, आणि तोरा तर होताच. का केलंत, माझ्यासाठी की कट्ट्यासाठी, हे आता कोण सांगणार? दोन्हीसाठी केलं असेल तर तेही मला चालेल.

मुलगा परत आला. मी त्याला सगळं सांगितलं, वाटीसकट. त्यानं फेरेटला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "आई, तू स्वतः कधी दूध पिताना दिसली नाहीस. तुला तरी पचतं का?" मी म्हणाले, "न पचायला काय झालंय? गवळ्याची लेक हाय मी." तो हसला आणि पुण्याला गेला. त्याचा कागद फ्रिजवर तसाच राहिला होता. तो काढून त्याच्याच पाठीमागं हे लिहायला घेतलं, पुढं वहीची पानं जोडावी लागली. हे आता घडी घालून परत फ्रिजच्या वर ठेवीन, दुसरीकडं कुठं पाठवायचं?

त्या दिवशी कान धरून तुम्ही विचारलं होतंत, "पोट दुखतंया व्हय गं?" आणि मी म्हणाले होते, न्हाय.

दुखत होतं, आबा.