हेडच्या बोल्टसाठी पुठ्ठा

पप्पा,

उन्मेषकाकांच्या गॅरेजमधून सहा कोनी सॉकेट आणायला करजणला जातेय. तोवर आपल्या गाडीच्या इंजिनाचं हेड उघडू नका. घरातला बारा कोनी लावलात तर बोल्टची डोकी गोल होतील. आणि स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही; लाकडी हातोडा काढून ठेवलाय.

बोल्ट जागच्या जागी बसवायचे तर ते क्रमाने ठेवायला पुठ्ठा हवा. माझ्या मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकांचं खोकं तुम्ही माळ्यावर लपवलंत ना? त्याच्याच झाकणाला मी भोकं पाडलीत. मस्त जाड आहे.

पत्रिका मात्र ऑइल पुसायला घेऊ नका. कागद गुळगुळीत आहे, काही टिपत नाही. मी करून पाहिलं.

शलाका