अहवाल नसलेले सदतीस

सोमवार, ३ मार्च

सदतीस निघाले. तीनदा चालवून पाहिलं, तीनदा सदतीस.

रुग्णालयात नवं सॉफ्टवेअर यायचंय, जुना डेटा साफ करा, असा साहेबांचा हुकूम. म्हणून यंत्राला सहज विचारलं — ज्यांचा अहवालच नाही असे नमुने दाखव. शून्य येणार याची इतकी खात्री की बटण दाबून चहा आणायला गेले. दर महिन्याला माझ्या प्रलंबित यादीत शून्यच तर असतं! त्या शून्यावर साहेब सही करतात, वर पाठवतात, वरून शाबासकी येते. परत येऊन बघते तर पडदाभर नावं.

नमुना म्हणजे माणसाच्या गाठीतून काढलेला तुकडा. लॅबमध्ये तो काचेवर घेऊन बघतात आणि रोग आहे की नाही ते अहवालात लिहितात. अहवालच नाही म्हणजे काय? टायपिंगची गफलत असेल. उद्या बघू.

मंगळवार, ४ मार्च

गफलत माझी आहे.

प्रलंबित यादीची जुनी क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारायचा ठरलेला प्रश्न, उघडली. अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिलेली. तेव्हा केवढी ऐट होती मला! सगळे ‘यंत्रबाई’ म्हणायला लागले ते तेव्हापासूनच. यंत्रात नमुन्यांच्या नोंदींचं टेबल एक, अहवालांचं दुसरं. मी दोन्ही जोडली आणि विचारलं — कुणाच्या अहवालाला पंधरा दिवसांहून जास्त लागले? दिसायला किती शहाणा प्रश्न. पण जोडायचं तर दोन्हीकडे नोंद हवी. ज्याचा अहवाल आलाच नाही त्याची जोडी लागत नाही, आणि जोडी लागली नाही की तो यादीतून गळतो. उशिरा आलेले सापडायचे. कधीच न आलेले — कधीच नाही.

म्हणजे लग्नाला कोण आलं नाही हे मी मांडवात बसलेल्यांनाच विचारत होते. अकरा वर्षं!

पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे. एक शब्द बदलायचा होता. एक.

बुधवार, ५ मार्च

सदतीसच्या सदतीस गेल्या दोन वर्षांतले. त्याआधीचा एकही नाही. मग यादी घेऊन लॅबमध्ये गेले, काचकाकांकडे. पस्तीस वर्षं काचपट्ट्या सांभाळतायत, खरं नाव कुणाला आठवत नाही. मी नंबर वाचत गेले. चौथ्याला म्हणाले, “थांब. हे बाहेरचे आहेत.”

बाहेरचे म्हणजे असं — लॅबच्या मॅडमना काच बघून शंका आली की ती दुसऱ्या मतासाठी मोठ्या लॅबला जाते. तिथलं उत्तर कागदावर येतं, पोस्टाने. काकांनी कपाटातून हिरवी फाइल काढली. सगळी उत्तरं आत. तारीखवार, भोकं पाडून, एक कागद दुमडलेला नाही.

काका, हे इथे काय करतायत, असं विचारलं तर म्हणाले, न्यायला कुणी आलंच नाही. पूर्वीचा टायपिस्ट दर शुक्रवारी येऊन ही फाइल न्यायचा, नोंदी करायचा, परत आणून द्यायचा. तो नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी मुलगी आली, तिला शुक्रवारचं कुणी सांगितलंच नाही. कुठे लिहिलेलंही नव्हतं. काकांना वाटलं, आता कॉम्प्युटरवर आपोआप येत असेल. आम्हाला वाटलं, बाहेरचं काका बघतात. मॅडम कागद वाचून सही करायच्या आणि पुढचं कुणीतरी करतं असं धरून चालायच्या.

जिने चढताना लक्षात आलं. हे सदतीस कुणीही ऐरेगैरे नाहीत. ज्यांच्याबद्दल शंका होती, नेमके तेच निसटलेत.

गुरुवार, ६ मार्च

नमुने घेतात त्या खिडकीवर पाटी आहे. ‘पंधरा दिवसांत फोन न आल्यास अहवाल ठीक आहे असे समजावे.’ रोज तिच्याखालून जाते, आज वाचली. फोन करणारी मुलगी यंत्रातल्या अहवालांच्या नोंदी बघून फोन लावते. नोंद नाही, तर फोन नाही. फोन नाही म्हणजे त्या घरात आनंदीआनंद झाला असणार.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांना सांगितलं. सगळं, माझ्या क्वेरीसकट. दार लावून घेतलं त्यांनी. म्हणाले, घाई नको, समिती बसवतो, तोवर कुणालाही फोन करायचे नाहीत. किती दिवस? महिना, दीड महिना. मी म्हटलं, साहेब, गाठ थांबते का समितीसाठी? तर पाणी पुढे केलं आणि म्हणाले, “ती यादी कुणी लिहिली हे समिती पहिल्यांदा विचारणार, बाई. तुमची नोकरीची नऊ वर्षं राहिलीत. जरा स्वतःचा विचार करा.”

प्रेमाने म्हणाले. त्याचाच जास्त राग आला. आणि खरं लिहायचं तर — घटकाभर बरंही वाटलं. दीड महिना काही करायचं नाही! या वहीत तरी खोटं कशाला लिहू.

शनिवार, ८ मार्च

हे इस्त्री करत होते तेव्हा सांगून टाकलं. मला वाटलं, जाऊ दे, तू मुद्दाम नाही केलंस, असलं काही म्हणतील. हातातला शर्ट पुरा करून म्हणाले, “साहेबांना कशाला विचारलंस? फोन तुझ्या टेबलावर नाही का?”

संसार केला पंचवीस वर्षं, पण हा माणूस अजून अधूनमधून चकित करतो.

सोमवार, १० मार्च

मॅडम आणि मी लॅबमध्ये बसलो, काकांना दाराशी बसवलं. फाइलमधले कागद काढून टेबलावर मांडले. तेवीस ठीक. चौदा वाईट. मॅडमनी चौदा दोनदा मोजले. प्रत्येकावर त्यांची सही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. समितीचं त्यांनाही कळलं होतं. म्हणाल्या, समितीला मी बघते, तू फोन लाव. रोगाचं एक अक्षर बोलायचं नाही, ते माझं काम. तू फक्त बोलाव.

मंगळवार, ११ मार्च

आधी ठीक असलेल्यांना लावले. भित्रेपणा, दुसरं काय. एकाने झापलं — ठीक आहे हे सांगायला दीड वर्षाने फोन करता होय? म्हटलं, हो, चुकलं. एक आजी म्हणाल्या, अगं, मला तर आठवतही नाही कुठे होती गाठ.

मग वाईट. पहिला फोन एका ट्रक ड्रायव्हरला. येतो म्हणाला, कशाला ते विचारलंसुद्धा नाही. दुसरा लावला तो मुलाने उचलला. आईंना रुग्णालयात घेऊन या, असं म्हणाले मी. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, “आई नोव्हेंबरात गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, तपासलंय ना, काही निघालं नाही.”

तिसरा फोन दुपारनंतर लावला.

बुधवार, १२ मार्च

खुलासा द्या असं पत्र आलं. पाच दिवसांत. नियम डावलून रुग्णांशी परस्पर संपर्क साधल्याबद्दल! क्वेरीबद्दल एक ओळ नाही त्यात.

शुक्रवार, १४ मार्च

चौदांपैकी आठ येऊन गेले किंवा येतायत. तिघं वारलेत. दोघांचे नंबर बदललेत, काका रजा टाकून त्यांच्या पत्त्यावर गेले. सांगितलं नव्हतं मी त्यांना, आपणहून गेले. एक सापडली, मुलीकडे राहते. दुसऱ्याच्या घराला कुलूप आहे, शेजाऱ्यांकडे निरोप ठेवलाय. एक राहिली, शिवणकाम करणारी बाई. फोन सतत बंद.

मॅडम एकेकाला आत घेतात, दार लावतात. माझी खोली बरोबर समोर. भिंत पातळ आहे. ट्रक ड्रायव्हर बाहेर येऊन मला म्हणाला, ताई, पाणी कुठे मिळेल? मी उठून आणून दिलं. अर्धं पिऊन त्याने ग्लास विसळला आणि जागेवर ठेवला.

शनिवार, १५ मार्च

कुलूपवाल्याचा भाऊ आला. तोही गेला, मागच्या पावसाळ्यात. चार झाले.

रविवार, १६ मार्च

खुलासा लिहायला बसले. चार कागद फाडले. हे म्हणाले, जे झालं ते लिही, भाषा नको करूस.

लिहिलं. क्वेरी चुकीची होती, ती माझी होती, अकरा वर्षं कुणी तपासली नाही, मीही नाही. नोंदी का राहिल्या तेही लिहिलं, कुणावर ढकललं नाही. एक वाक्य मात्र स्वतःसाठी घातलं — ‘माझा रुग्णांशी कधीही थेट संबंध आलेला नाही, मी कोणाही रुग्णाला चुकीची माहिती दिलेली नाही.’ हे खरं आहे. बोलणारे खिडकीवर, मॅडम आत, मी यंत्रापुढे. मी चुकीचा प्रश्न विचारला, पण कुणाच्या तोंडावर खोटं बोलले नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी ही माझी काडी. यावर सात-आठ दिवस तरी निघतील.

सोमवार, १७ मार्च

खुलासा दिला. साहेबांनी न वाचता ठेवून घेतला. शिवणकामवालीचा फोन आजही बंद.

बुधवार, १९ मार्च

नवी यादी चालवली. जोडी नसलेले सगळ्यात वर. आता रोज चालवायची. टायपिस्ट मुलीला शेजारी बसवून शिकवलं. ती रडत होती, माझ्यामुळे झालं म्हणे. तिला म्हटलं, रांगेत उभी राहा, तुझ्या पुढे खूप जण आहेत.

गुरुवार, २० मार्च

शिवणकामवालीने उचलला. नवा फोन घेतलाय म्हणाली. मी रुग्णालयाचं नाव घेतलं, उद्या दहाला येता का विचारलं. तर खूश होऊन म्हणाली, “अगंबाई, तुम्हीच ना त्या? आवाज ओळखला मी.” मागच्या वर्षी तिने चौकशीला फोन केला होता. चौकशीची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, तो आठवडा तिथले फोन माझ्याकडे वळवलेले. मी विसरून गेले होते. ती नाही विसरली. “तुम्ही यादी उघडून बघितलीत. म्हणालात, राहिलेल्या अहवालांत तुमचं नाव नाही, काळजी सोडा, निवांत झोपा. तेव्हापासून खरंच झोपले हो मी. तुमचे आभार मानायचेच राहिले.”

माझ्या तोंडून एवढंच निघालं — उद्या दहाला या.

“तुम्ही असाल ना तिथे? मग येते.”