काविंदू चिंचेवरून उतरली नाही

कियांगा,
६ ऑगस्ट १९८४

चि. मुनिवा हिला ताईचे पोटभर आशीर्वाद.

आई बरी आहे. दात नसताना गोरखचिंच चघळते आणि मोम्बासात राहून आमच्या मुनिवाला मासळीचा वास लागला असेल म्हणून हसते. मका करपला, गाई गेल्या. टेकडीवरच्या चिंचा आहेत म्हणून माझ्या दोघी मुली पायांवर उभ्या आहेत. चिंचेच्या कोळात मूठभर ज्वारीचं पीठ, तीच पेज दोन्ही वेळा.

आता जे लिहिते ते बसून वाच. मंगळवारी आम्ही सात जणी टेकडीवर गेलो, तर पाच माणसं कोळशासाठी चिंचा तोडत होती. तोंडाला फडकी बांधलेली. मी म्हटलं, बाबांनो, हे आमचं जेवण आहे. एक जण म्हणाला, मग कोळसा खा. तुझी बालमैत्रीण काविंदू सरसर मोठ्या चिंचेवर चढली आणि वरून ओरडली की, आता तोडून दाखवा. त्यांचा मुकादम एक शब्द बोलला नाही. दुसऱ्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि घाव घालत राहिला. आम्ही दगड मारले, त्यांनी आम्हाला दांडक्यांनी झोडपलं. झाड तिच्यासकट पडलं. तिच्या पाठीचा कणा मोडला. गुरुवारी ती गेली.

माझ्या दंडाला टाके आहेत, म्हणून अक्षर वाकडं. जपून राहा.

तुझी ताई,
स्योकाउ


मोम्बासा,
१९ ऑगस्ट

ती. ताईस धाकटीचा नमस्कार. आईच्या पायांवर डोकं.

ताई, तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्याच्या आदल्याच दिवशी आपला न्झिओकादादा आला होता. दोन वर्षांनी तोंड दाखवलं. ज्या हॉटेलात मी कपडे धुते, तिथेच तो ट्रकमधून कोळसा टाकायला आला होता. माझ्यासाठी पिशवीभर चिंचा आणल्या, कियांगाच्याच, म्हणाला. मी चिडवलं, गावी जाऊन आईला न भेटता आलास होय रे चोरा? तो हसला नाही. घरून काही पत्र आलंय का, असं दोनदा विचारलं. मी आल्याचं ताईला कळवू नकोस, म्हणाला. महिनाअखेरीस उरलेली झाडं तोडायला पुन्हा जायचंय, हेही बोलून गेला.

त्या चिंचा मी खाल्ल्या गं. पत्र वाचल्यावर मोरीत जाऊन ओकले.

तो माझा भाऊ आहे. काविंदूनं मला झाडावर चढायला शिकवलं होतं. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
मुनिवा


कियांगा,
२ सप्टेंबर

चि. मुनिवास आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. बायकांना मात्र दाखवलं.

शुक्रवारी सकाळी ते आले. आम्ही तेवीस जणी करवंदाच्या जाळीमागे कोयते घेऊन बसलो होतो. बाकीचे चौघे पळाले. मी पुढे होऊन मुकादमाच्या तोंडावरचं फडकं ओढलं. न्झिओका म्हणाला, ताई, बाजूला हो. मी म्हटलं, काविंदूलाही हे सांगायचं होतंस. त्यानं कुऱ्हाड उचलली. मारणार होता की नुसतं घाबरवत होता, ते मला आजही सांगता येत नाही. मी कोयता घातला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तुटून धुळीत पडली.

मग बायका तुटून पडल्या. काविंदूची आई त्याच्या डोक्यात दगड घालत होती आणि मी थांबवलं नाही, मुनिवा. मी उभी होते. कुणीतरी आपल्या आईला सांगितलं असावं. ती गुडघ्यांवर रांगत टेकडी चढली आणि त्याच्यावर आडवी झाली. दोन दगड तिच्या पाठीत बसले, तेव्हा हात थांबले.

तो जगला. किटुईच्या दवाखान्यात आहे, दाराशी पोलीस. त्यानं सगळं कबूल केलं. म्हणाला, झाड कलायला लागलं की ती उतरेल असं वाटलं, आणि बोललो असतो तर ताईनं आवाज ओळखला असता. टेकडीवर आता कुणी कुऱ्हाड घेऊन येत नाही. उरलेल्या नऊ चिंचांखाली बायका पाळीपाळीनं बसतात.

आई माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं जेवते, पण तोंड भिंतीकडे करून. काविंदूची आईही माझ्याशी बोलत नाही, कारण मी या आईची मुलगी.

रजा मिळेल तशी ये. माझं चुकलं की बरोबर, ते सांगायला नको. जेवताना आमच्या दोघींच्या मध्ये बसायला कुणीतरी हवं आहे, तेवढ्यासाठी ये.

वाट पाहणारी,
स्योकाउ