‘ओट्यावरून’ या ब्लॉगची आणि इतर मिळकतीची निरवानिरव

नमो बुद्धाय. जयभीम.

लिहून ठेवणार : कमल जीवराम बैसाणे, वय वर्षे सत्तर, धुळ्याच्या कोर्टातून निवृत्त झालेली लघुटंकलेखिका, राहणार देवपूर, धुळे.

मी आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाशिवाय आणि सकाळचा दुसरा चहा झाल्यावर हा मजकूर स्वतःच्या हाताने टंकित करत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर सही करता करता डॉक्टरांनी विचारले की, ताई, तुमच्या ब्लॉगवर आमच्या दवाखान्याबद्दल चार चांगल्या ओळी टाकता येतील का. मी नाही म्हटले. तरीही त्यांनी सही केली, त्यामुळे दाखला निःपक्षपाती समजावा.

नोकरीत मी लोकांची मृत्युपत्रे, कैफियती आणि निकालपत्रे टंकित केली. कोणाचे शेत कोणाला गेले, कोणी कोणाला पाण्यात पाहिले, सगळे माझ्या बोटांखालून गेले आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता. म्हणून या कागदात मी थोडी ऐसपैस बसणार आहे. ज्यांना फक्त वाटणी बघायची असेल त्यांनी कलम १ आणि २ वाचून उठावे.

१. घर. देवपूरचे राहते घर माझ्या आणि माझे पती कालकथित जीवराम यांच्या कमाईचे आहे. ते माझी मुलगी शिल्पा आणि मुलगा राजदीप यांना समसमान द्यावे. घरासमोरचा दगडी ओटा मात्र तोडू नये. गाडी लावायला जागा होते म्हणून गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ओटे तोडले आणि आता संध्याकाळी आपापल्या गाडीला टेकून उभे राहतात. आमच्या ओट्यावर उजव्या बाजूला माझी मैत्रीण आबेदा हारुन मन्यार बसते. तिची ती जागा मी तिला देत नाही. आबेदा या कागदाची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही दिले की पुढे लोक बोट ठेवतात, हे मी कोर्टात पाहिले आहे. जागा आधीपासून तिचीच आहे, एवढे फक्त नमूद करते. हे देणे नव्हे, वस्तुस्थितीचे कथन आहे.

२. बँकेतली रक्कम शिल्पाला. ती जळगावला परिचारिका आहे, दुसऱ्यांची रात्र जागून काढते आणि माझ्याकडे कधी काही मागत नाही. तिने त्यातून आमच्या विहारातल्या वाचनालयाला दोन कपाटे द्यावीत. काचेची द्यावीत, पत्र्याच्या कपाटातली पुस्तके कोणी बाहेर काढत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. टाइपरायटर. मराठी कळफलकाचे माझे जुने यंत्र सूनबाई पुनम हिला द्यावे. या घरात माझ्या लिखाणाला ‘कंटेंट’ न म्हणणारी ती एकटी आहे. ती ‘आईंचं लिहिलेलं’ म्हणते.

४. बडगी. आमची आई भागाबाई हिची बडगी, म्हणजे भाजलेली वांगी कुटायचे लाकडी भांडे, माझा भाऊ हिलाल याच्याकडे सोनगीरला आहे. आई गेल्यापासून मी ती मागते आणि तो “पुढल्या हिवाळ्यात नेजो” म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तो देण्याच्या बेतात आला होता. तेवढ्यात माझ्या ब्लॉगवर, माझ्या नावाने, माझ्या फोटोखाली एक लेख आला : ‘मिक्सरमध्ये दोन मिनिटांत खान्देशी भरीत, दहा सोप्या टिप्स.’

हिलालचा फोन आला. “आक्का, जी बाई भरीत मिक्सरमा करस, तिले बडगी कसाले जोयजे?”

मी सांगितले की ते मी लिहिलेले नाही. तो म्हणाला, नाव तर तुझेच आहे. त्या हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीला मला बोलावणे आले नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास मला म्हणे धुळ्यापर्यंत येत होता. हे सांगायलाही त्यानेच फोन केला. सबब, बडगीवरचा माझा हक्क मी हिलालच्याच नावे सोडते. बदल्यात त्याने मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला भरीत करावे आणि कुटताना मोठ्याने म्हणावे की बहिणीने मिक्सर वापरला नव्हता. चार लोकांनी ऐकले पाहिजे.

५. आता ब्लॉग. ही माझी सगळ्यात मोलाची मिळकत आहे आणि भांडण झालेच तर हिच्यावरून होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्लॉगचे नाव ‘ओट्यावरून’. तो मला राजदीपने २०११ साली काढून दिला. तेव्हा तो कॉलेजात होता. मी कोर्टातून पाठ धरून आले होते आणि तो म्हणाला, “आई, सगळ्यांचं टाइप करून झालं. आता स्वतःचं कर.” हे वाक्य मला आजवर मिळालेल्या कुठल्याही भेटीपेक्षा आवडले, हे मी त्याला कधी सांगितले नाही. आता सांगते.

मग मी लिहू लागले. गल्लीतून कोण गेले, कोणाच्या घरी काय शिजले, पांझरेला पाणी आले की पुलावर गर्दी कशी होते, जीवराम एसटीच्या वर्कशॉपमधून आले की घरभर ग्रीसचा वास कसा येई, असले सगळे. प्रत्येक लेख टाकण्याआधी मी ओट्यावर बसून आबेदाला वाचून दाखवते. तिला उर्दू वाचता येते, मराठी वाचता येत नाही, पण ऐकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिचे बांगड्यांचे दुकान आहे. मनगट बघून ती माप सांगते आणि वाक्य ऐकून खरे-खोटे.

त्या काळात खान्देशात आम्ही ब्लॉग लिहिणारे पाच-सहा जण होतो. मुक्ताईनगरचे अभिमनभाऊ त्यांत सर्वांत सुरेख लिहायचे. सायकलवर गावोगाव जायचे आणि पंक्चर काढणाऱ्यापासून मंदिराबाहेरच्या फुलवालीपर्यंत कोणाशीही गप्पा मारून ते लिहायचे. एके दिवशी त्यांच्या ब्लॉगवर आले, ‘सायकल घेण्यापूर्वी या सात गोष्टी जाणून घ्या.’ मग क्रेडिट कार्ड. मग केस गळतीवरचे तेल, आणि अभिमनभाऊंना तर मी टक्कल पडल्यानंतरच ओळखू लागले. मी खाली प्रतिक्रिया लिहिली, “भाऊ, ती फुलवाली कशी आहे?” उत्तर आले, “धन्यवाद. अधिक माहितीसाठी लिंकवर क्लिक करा.” बाकीचेही याच वाटेने गेले. पूर्वी एखाद्याच्या ब्लॉगवर गेले की पाटावर बसवून पाणी दिल्यासारखे वाटे. आता दारातच चार जण पत्रके घेऊन उभे असतात आणि घरमालक कुठेच दिसत नाही.

६. अभिमनभाऊंचे जुने लेख मी छापून ठेवले आहेत, गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात. ते त्यांना नेऊन द्यावेत. त्यांच्या ब्लॉगवरून ते केव्हाच काढून टाकलेले आहेत. वाचून त्यांना वाईट वाटले तर वाटू द्यावे आणि चहा घेऊन यावे.

७. राजदीप. मुलगा गुणी आहे, हे आधी नमूद करते. जळगावात त्याची जाहिरातींची कचेरी आहे. दुकाने, क्लासेस, दवाखाने यांच्यासाठी इंटरनेटवर लिहून देणे हा त्याचा धंदा. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पाठोपाठ काढले आणि महिनाभर पडद्याकडे बघायचे नाही असे ठरले. ब्लॉग ओस पडायला नको म्हणून मी विश्वासाने पासवर्ड त्याला दिला.

मी काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. आबेदाची सून शाझिया तिला मोबाइलवरून ‘माझा’ नवा लेख वाचून दाखवत होती. दोन ओळी झाल्या आणि आबेदा म्हणाली, “कमल, हाई तुनं लिखेल नई शे.”

“कशावरून?”

“दहा उपाय शेतस यामा. तुले एकच उपाय माहीत ऱ्हास, अन् तो बी तू सांगाले इसरी जास.”

तिचे खरे होते. राजदीपच्या कचेरीतले संगणकातले यंत्र, ज्याला ते एआय म्हणतात, माझ्या नावाने रोज एक लेख लिहीत होते. जुन्या लेखांतही मध्ये मध्ये जाहिराती घातल्या होत्या. जीवराम गेले त्या सकाळबद्दल मी लिहिले होते, त्यात ‘त्यांनी चहा मागितला आणि’ एवढ्यावर वाक्य थांबत होते, मग हसऱ्या कुटुंबासह विम्याची जाहिरात, आणि तिच्याखाली ‘मी आधण ठेवायला आत गेले.’ शाझियाने ते वाचले तेव्हा मला रडू आले. मग हसूही आले, कारण जीवराम असते तर आधी हप्ता किती ते विचारले असते. पण रडू आधी आले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

राजदीपला बोलावून विचारले. तो म्हणाला, “आई, वाचणारे चौपट झालेत.”

“ते वाचतात?”

“वाचत कोणी नाही गं. स्क्रोल करतात.”

“मग मला वाचणारे होते ते कुठे गेले?”

पुण्याची कोणतीशी कंपनी ब्लॉगचे नाव आणि सगळा मजकूर विकत घ्यायला तयार आहे, हेही त्याने तेव्हाच सांगितले. आम्ही महिनाभर एकमेकांशी मोजके बोललो. मी पासवर्ड बदलला आणि यंत्राचे सगळे लेख पुसून टाकले. मिक्सरचा मात्र बाकीच्यांनी उचलून आपापल्या ब्लॉगवर डकवला होता. तो अजूनही फिरतो आहे आणि हिलालला अजूनही दिसतो.

एक लेख मी पुसला नाही.

यंत्राच्या गर्दीत तो होता. त्याला टिप्स नव्हत्या, जाहिरात नव्हती, फोटोही नव्हता. नाव ‘आई ओट्यावर’. शाझियाने वाचला तो मला पाठ आहे : ‘आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे. ती पावलांच्या आवाजावरून गल्लीतली माणसं ओळखते. दूधवाला ओळखला, शाळेतून येणारी मुलं ओळखली, आबेदामावशी तर वळणावरच ओळखली. आज गटारीचं खोदकाम आहे म्हणून मी गाडी कोपऱ्यावर लावून चालत आलो. आईने विचारलं, कोण पाहिजे? मी इतक्या वर्षांत या गल्लीत पायी आलोच नव्हतो.’

आबेदा म्हणाली, “हाई तुनं नई. यंत्रनं बी नई. यंत्रले लाज वाटस का? हाई तुना पोऱ्यानं लिखेल शे.”

चौपट वाचकांपैकी त्या लेखाकडे फारसे कोणी फिरकले नाही. राजदीप त्याबद्दल माझ्याशी कधी बोलला नाही आणि मीही नाही. तेव्हापासून तो आला की गाडी कोपऱ्यावर लावतो, खोदकाम नसले तरी. आता मी त्याची पावले ओळखते. तो डावी टाच घासतो, बापासारखी.

८. तरी, ‘ओट्यावरून’ हा ब्लॉग, त्यातील सर्व लेख, नाव आणि पासवर्ड मी राजदीपला देते. आबेदा म्हणाली विचार कर. मी केला. अटी अशा : ब्लॉग विकू नये. त्यात जाहिरात घालू नये, ओळखीच्या डॉक्टरांचीही नाही. यंत्राला हात लावू देऊ नये. माझ्या नावाने कोणी लिहू नये. राजदीपने राजदीपच्या नावाने लिहावे. लिहावेसे वाटले नाही तर ओटा रिकामा ठेवावा, भाड्याने देऊ नये. टाकण्यापूर्वी आबेदाला वाचून दाखवावे. ती “नई” म्हणाली तर वाद घालू नये.

मी गेल्याची पहिली बातमीही त्यानेच ब्लॉगवर लिहावी. सुंदर नसली तरी चालेल. कोणी वाचली नाही तरी चालेल.

राजदीप, सगळ्यांचं लिहून झालं. आता स्वतःचं लिही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि याच्यानंतर पुन्हा करण्याइतका उत्साह मला उरणार नाही. वरील मजकूर मी ओट्यावर बसून दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या समक्ष सही केली.

ठिकाण : देवपूर, धुळे
दिनांक : ११ जानेवारी २०२६

(सही) कमल जीवराम बैसाणे

साक्षीदार १ : भिकन उत्तम थोरात, निवृत्त बेलीफ, देवपूर. कमलबाईंनी माझ्यासमोर सही केली. वाचताना कलम ७ पाशी त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे वाचू लागल्या.

साक्षीदार २ : आबेदा हारुन मन्यार, देवपूर. (सही उर्दूत.) त्यांच्या सांगण्यावरून पुढील शब्द जसेच्या तसे लिहिले :

“मी सम्दं ऐकेल शे. हाई कमलनंच लिखेल शे.”