लेबल तीनदा वाचायचं

पासिर रिस, सिंगापूर
७ ऑगस्ट २०१६

ती. बाबांस,
जाईचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अकराव्या दिवशी पोचलं. दुकानातल्या प्रबोधदादाच्या मोबाईलवरून दोन ओळी टाकल्या असत्यात तर अकराव्या सेकंदाला पोचल्या असत्या. पण कान गेल्यापासून तुमचं नि फोनचं वाकडं, ते सरळ करणारी मी कोण?

माझ्या फार्मसी रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष सुरू झालं. जंतुसंसर्ग हाच विषय मिळाला. कडक अँटिबायोटिक कुणाला किती द्यायचं आणि मुख्य म्हणजे कधी थांबवायचं, हे वॉर्डातल्या डॉक्टरांना सुचवायचं. मी चिठ्ठी लिहिते. ते वाचतात, किंवा वाचत नाहीत. दिवसभर माणसांत असते, पण माझ्याशी म्हणून कुणी बोलत नाही. खोलीतली ऋग्वेदा जूनमध्ये पुण्याला परतली. तिची कॉट अजून रिकामीच आहे.

इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. मी दोन पाकिटं ठेवते, एक समोरच्या खुर्चीपुढे. कुणीतरी येणार आहे असं वाटत राहतं.

दिवाळीला येणं होणार नाही. सुट्टीच नाही. रागावू नका.

लोभ आहेच, तो इतक्या लांबही पुरून उरतो.
तुमची,
जाई

---

मिरज
२२ ऑगस्ट २०१६

चि. जाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दोन पाकिटं ठेवतेस हे वाचून वाईट वाटलं. एकच ठेवत जा, उगाच कुणाची जागा अडते.

मेडिकल प्रबोधच्या हवाली करून तीन वर्षं झाली, तरी सकाळी मी तिथे जाऊन बसत असे. गिऱ्हाईक बोलायचं, मी मान डोलवायचो. परवा एक जुन्या ओळखीच्या बाई बराच वेळ बोलत उभ्या होत्या. मी नेहमीप्रमाणे हसून मान डोलावली. त्या गेल्यावर प्रबोधने कागदावर लिहून दाखवलं, की त्यांचे यजमान गेल्या आठवड्यात वारले. त्या दिवसापासून मी दुकानात गेलेलो नाही. घरीच असतो. घड्याळ चालू आहे का बंद, हेसुद्धा बघावं लागतं.

लेबल तीनदा वाचतेस ना? बाटली उचलताना, औषध काढताना, परत ठेवताना. तू फ्रॉकात होतीस तेव्हा तुला हे शिकवलं होतं. तिकडच्या मोठ्या लोकांनी नियम बदलला असेल तर कळव.

ही तिसरी दिवाळी. आग्रह करत नाही, फक्त मोजतो आहे.

तुझ्या लोभाचा साठा इकडे कमी पडू लागला आहे.
तुझा,
बाबा

---

पासिर रिस
११ सप्टेंबर २०१६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी खरं सांगते. सुट्टी होती. तिन्ही वर्षं होती. तुमच्यासमोर बसायचं धैर्य नव्हतं.

आमच्या वॉर्डात गोह नावाचे एक आजोबा आहेत. त्यांना अमिकॅसिन चालू होतं, २००९ साली तुम्हाला दिलं तेच. रोज सकाळी मी पडद्याआडून हळूच विचारायची, अंकल, खाल्लं का? ते आतून इथल्या लकबीत सांगायचे, खाल्लं लाह. मंगळवारी उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे त्यांनी मला काय म्हणालीस म्हणून विचारलं. त्या इंजेक्शनने कान जाऊ शकतात, म्हणून मी थांबवण्याची चिठ्ठी लिहिली. कुणी बघितली नाही. दुसरी लिहिली. मग वॉर्डात जाऊन डॉक्टर येईपर्यंत उभी राहिले. दुपारी इंजेक्शन बंद झालं आणि दुसरं औषध सुरू झालं. आता ते पहिल्या हाकेला ओ देतात.

घरी येताना वाटेत पाया लेबार स्टेशनला उतरले आणि तिथल्या बाकावर बसून रडले. बाबा, तुमच्या त्या तापाला डॉक्टरांनी सातच दिवस सांगितले होते, पुढे विचारून ठरवा म्हणाले होते. ते परगावी गेले आणि मी, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची दीडशहाणी, सुट्टीवर आलेली, कोर्स अर्धवट सोडायचा नसतो म्हणून चौदा दिवस माझ्याच हाताने टोचत राहिले. तुमच्या कानांबद्दल एकदाही विचारलं नाही. वय झालं म्हणून ऐकू येत नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगता. वय नव्हे, मी.

आज लोकांना थांबा म्हणून सांगण्याचा मला पगार मिळतो.

लोभ असू द्या असं लिहायला हात उचलत नाही. राग असला तरी पत्र पाठवा.
जाई

---

मिरज
२४ सप्टेंबर २०१६

चि. जाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्रही मी तीनदा वाचलं.

नवव्या दिवशी माझ्या कानांत रातकिडे सुरू झाले. ते इंजेक्शन मी अठरा वर्षं विकलं होतं, त्याचा अर्थ मला तुझ्याआधी कळला. तरी बोललो नाही. ताप उतरला होता. तुझी आई अशाच तापातून उठली नाही. मध्येच बंद केलं आणि ताप फिरून आला तर तू अगदी एकटी पडशील, या भीतीपुढे कान किस झाडकी पत्ती. तू विचारलं असतंस तरी मी काही होत नाही म्हणालो असतो. तेव्हा निर्णय माझा. सुई तेवढी तुझी.

हे तुला सात वर्षं सांगितलं नाही, कारण तुला कशाचा पत्ताच नाही असं समजत होतो. घरात दोघेच, दोघेही औषधवाले, आणि दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली. त्यापायी दोन दिवाळ्या गेल्या. चूक झाली म्हणायची तर ही.

तुझ्या गोह आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांचे कान वाचले, मला बरं वाटलं.

आता एक सांगतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इंजेक्शन भरताना तू रोज लेबल मोठ्याने वाचायचीस, उचलताना, काढताना, ठेवताना. चौदाव्या दिवशी तुझे ओठ तीनदा हलले. मला एकदाच ऐकू आलं. स्पष्ट ऐकलेलं शेवटचं तेच.

उजवा कान पुरता गेला. डाव्याला अगदी जवळून थोडं येतं. दिवाळीला ये, माझ्या डाव्या बाजूला बस, आणि घरातली कुठलीही बाटली घेऊन तिचं लेबल तीनदा वाच. एकदा तरी ऐकू येईल.

लोभ होता तेवढाच आहे, थेंबभरही उणा नाही.
तुझा,
बाबा