तार वाढवल्यापासून

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! एक ट्रंक, एक वळकटी आणि अखंड चालणारं तोंड, एवढाच ऐवज घेऊन. या आरोग्यधामात छातीचे पेशंट महिनोन्महिने पडून असतात. प्रत्येकाच्या उशाशी छोटा रेडिओ आहे आणि मी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास त्यावर बोलायचं. हवामान, जेवणात काय आहे, कोणाची माणसं भेटायला येणार, मधे दोन गाणी. ट्रान्समीटर पोळ्यांच्या डब्याएवढा आहे. अँटेना म्हणजे छपरावरच्या खांबाला ताणलेली जेमतेम तीन मीटर तार. आवाज कुंपणापर्यंत पोचतो, पुढे नुसती खरखर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की कुंपणाबाहेर आवाज गेला तर परवाना जाईल. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

खोली मला फार आवडली. मागे जुनी दगडाची खाण आहे, पाण्याने भरलेली. खिडकी उघडली की हिरवंगार पाणी. आयुष्यभर फुकट बडबड केली, आता तिचा पगार मिळणार.

९ नोव्हेंबर
ताईचा फोन. मी निघाल्यापासून बाबा नीट जेवत नाहीत. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. डोळ्यांनी आता उजेड-अंधाराएवढंच कळतं, त्यामुळे दिवसभर ट्रान्झिस्टर कानाला. फोनवर त्यांचं मन रमत नाही. म्हणतात, फोनवरचं माणूस घाईत असतं. रेडिओवरचं नसतं. ताई हळूच म्हणाली, हे असंच चाललं तर थंडी काढतील का, शंका आहे.

त्यांचं गाव माझ्या खिडकीतून दिसतं! पुलापलीकडे, समोरच्या टेकडीवर. माझा आवाज कुंपणाशी अडतो आणि बाबा तिकडे उपाशी. हे काही बरोबर नाही.

१२ नोव्हेंबर
इथल्या वायरमनकाकांना चहा पाजून फितवलं. ते म्हणाले, ट्रान्समीटर तसाच राहू द्यायचा, फक्त तार दुप्पट करायची. मग मी आणखी दुप्पट करू म्हटलं. ते म्हणाले, बोट दिलं की हात धरणारी बाई आहेस. तरी चढले बिचारे. छपरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तार गेली.

पण ट्रान्समीटरवरचा काटा हलेना. लांब तारेला अर्थिंगही तसंच लागतं, ओलं आणि खोल. आमचं अर्थिंग म्हणजे मीठ-कोळसा घातलेला एक कोरडा खड्डा. तेव्हा मला सुचलं, मागे एवढं पाणी आहे की! तांब्याच्या तारेला दगड बांधला आणि खाणीत सोडला. तार संपता संपेना. अख्खं भेंडोळं गेलं आणि शेवटी हाताला हिसका बसला. काका म्हणाले, दगड कपारीत घसरला असेल. काटा मात्र टोकाला गेला. मी टाळ्या पिटल्या.

१३ नोव्हेंबर
आज तपासणी. काका ट्रान्झिस्टर घेऊन चालत गेले आणि मी बोलत राहिले. तपासणीत बोलणं थांबवायचं नसतं, नाहीतर रेंज संपली की बाई दमली हे कळत नाही. बोलायचं काय? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचून काढलं, पुन्हा पुन्हा.

काका परतले ते फुगून. कुंपणापर्यंत औषधच ऐकू येत होतं. पुढे मी म्हणे त्यांची थट्टा करायला लागले. दमलात काका, खाणीशी येऊन बसा, पाय पाण्यात सोडा, असं सारखं. या वयात माझी टिंगल करतेस का, म्हणाले. मी शपथेवर सांगितलं की मी बाटली सोडून एक अक्षर बोलले नाही. त्यांना पटलं नाही. उन्हात डोकं तापलं असेल, दुसरं काय. पण पुलापलीकडे आवाज खणखणीत!

१५ नोव्हेंबर
बाबा जेवले! ताई फोनवर रडत होती. दोन पोळ्या, वर भात मागून घेतला. ट्रान्झिस्टर पोटाशी धरून बसतात आणि माझ्याशी गप्पा मारतात. बडबडी आली, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंना कळलं तर कळलं.

१७ नोव्हेंबर
ताई आज सहज म्हणाली, तू दिवसभर बोलतेस, घसा दुखत नाही का?

मी दोनच तास बोलते. बाकी वेळ ट्रान्समीटर बंद असतो, बटण मी स्वतः दाबते. ताईला वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाली, आत्तासुद्धा चाललंय की तुझं, आईच्या आजारपणाबद्दल. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. त्या दिवसांतलं मला काही ठाऊक नाही. पण रेडिओवरची मी बाबांना सांगतेय की आईने शेवटी काय मागितलं होतं आणि कोणी दिलं नाही. बाबा म्हणाले, अगदी खरं आहे.

दिवसाउजेडी खोलीचं दार लावून बसलेय.

१८ नोव्हेंबर
तार कापली. छपरावर आधी होती तेवढीच ठेवली, तीन मीटर. काकांना विचारलं, कुंपणापुढे काही येतंय का. त्यांनी जाऊन पाहिलं. परतले तेव्हा चेहरा उतरलेला. आवाज आहे, म्हणाले. आता औषधबिषध नाही, नुसतं दुसरंच.

दोघांनी मिळून खाणीतली तार ओढली. हातभर आली. मग तेवढीच परत आत गेली, सावकाश. काकांनी तार सोडली आणि माझ्याकडे न बघता घरी निघून गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

२० नोव्हेंबर
ट्रान्समीटर उघडून सगळे भाग टेबलावर काढून ठेवलेत. तिकडे मी बोलतेच आहे.

ताईने ट्रान्झिस्टरमधले सेल काढून घेतले. बाबा तसाच कानाला लावतात. मान डोलावतात. हसतात. ताईने कान लावला तर तिलाही —

बाबांनी चपला दाराशी तयार ठेवल्यात. मी बोलावलंय म्हणे. पाण्याजवळ गार वाटतं, असं मी म्हणे सांगितलंय.

२१ नोव्हेंबर
ट्रान्समीटर परत जोडला. नाइलाज. बाबा रेडिओशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. टाकीपर्यंतची तारही पुन्हा जोडली, बोटं सोलवटली. दुपारभर एकच बोलले. बाबा, मी बडबडी, मी बोलावलेलं नाही, घरी थांबा, इकडे येऊ नका. रडून रडून बोलले.

ताईचा फोन. माझं बोलणं पोचलं. बाबा हसले. म्हणाले, तिने आधीच सांगून ठेवलंय. एक बाई माझ्या आवाजात येऊ नका म्हणेल, रडेलही, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

मी आता काय बोलू? काय बोलू म्हणजे पटेल?

२२ नोव्हेंबर, दुपार
बाबा घरात नाहीत. ताई नि शेजारी शोधतायत. मी पुलाकडे निघते.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
सापडले. खाणीच्या कडेशी, चपला काढून. मागून कवेत धरलं आणि ओढत खोलीत आणलं. कडी लावली. ताई पुलावर आहे, येतेच म्हणाली. तोवर लिहिते.

बाबा कोपऱ्यात बसलेत. मला घाबरतायत. मी त्यांचे पाय पुसले तर आखडून घेतले. लहानपणीचं सगळं सांगितलं, आम्हा दोघांनाच माहीत असलेलं. ते म्हणाले, अहो बाई, हे सगळं तिने मला आधीच सांगितलंय. तुम्ही कोण? मला जाऊ द्या हो, माझी मुलगी वाट बघतेय.

बाबा मला अहो बाई म्हणाले.

रिकामा ट्रान्झिस्टर कानाला लावून हळू आवाजात सांगतायत. एका बाईने कोंडलंय मला. हो, अगदी तुझ्यासारखीच बोलते.

दार वाजलं. ताई आली बहुतेक —

ताई नाही. ताईचा आत्ता फोन आला, ती फाटकाशी आहे. दाराखालून पाणी आत येतंय.

बाबांचा चेहरा उजळला. आली माझी बडबडी, म्हणतायत. उठले —

मी ओरडले, बाबा, उघडू नका, ती मी नाही. बाहेरूनही तेच. त्याच क्षणी, तेच शब्द, तसंच रडू —

बाबा मधे उभे. एकदा माझ्याकडे कान, एकदा दाराकडे. मी हात धरलाय, एका हाताने लिहि— बाबा, इकडे, ही मी, ही —

हात सोडवून घेतला. म्हणाले, माफ करा हो बाई, आणि कडी